केझायाच्या रकान्यावरची काट

क्लेमकाका सहीला तयार होईना. थडगं त्याच्या नावावर आहे, त्यामुळे दगडावर एक अक्षर वाढवायचं तरी सही त्याचीच लागते. आणि त्याच्या बहिणीला, हेटी आत्याला, ती सही सोमवारी ऑपरेशनला जाण्याआधी हवी होती. तिच्या आजीचं, केझायाचं नाव तिला दगडावर बघायचं होतं. केझाया त्याच थडग्यात आहे, फक्त दगडावर नाही.

"सरकारनंच काट मारलीय तिच्या धंद्यावर," काका म्हणाला. "ती पुसणारा मी कोण?"

त्याच्याकडे १९०१च्या जनगणनेच्या पानाची एक पट्टी आहे. कुणा चुलतभावानं नेमकी आपल्या घरापुरती कापून आणलेली. केझाया, अविवाहित. मुलगी एडा, म्हणजे काका-आत्याची आई, वय एक. आणि व्यवसायाच्या रकान्यावर जाड काळी पेन्सिल ओढलेली, खालचं काही वाचता येत नाही. लाँगटन, आमचं चिनी मातीच्या भांड्यांचं गाव. तिथली बिनलग्नाची बाई, पदरात पोर, वर ही काट. आमच्या घरानं उरलेलं मनानंच वाचून घेतलं.

"जॅनिस, तू शेजाऱ्यापाजाऱ्यांची जुनी कागदपत्रं वाचून देतेस ना?" आत्या म्हणाली. "मग हेही बघ. आणि गोड करून सांगू नकोस, मला कळतं."

तिला कळतं, हीच तर पंचाईत. काटेखाली काकाला वाटतं तेच निघालं तर? ऑपरेशनच्या तोंडावर तिला ते सांगायचं कसं, आणि नाही सांगायचं तर तोंड लपवायचं कुठे? वाचनालयात जाऊन मी ते पान उघडलं.

अख्खं पान समोर आलं आणि मी बघतच राहिले. वरच्या घरातला खाणकामगार, त्याच्यावर काट. खालचा भट्टीवाला, त्याच्यावर काट. चांभारावर काट. पाद्रीबुवांवरसुद्धा काट! मी मोठ्यानं हसले, ग्रंथपालबाईंनी डोळे वटारले. लंडनच्या कारकुनांनी एकेक धंदा मोजला आणि मोजला की वर रेघ ओढली, एवढंच. कारखान्यात बश्या मोजताना आम्हीही खडूनं तेच करायचो.

पण हसू फार टिकलं नाही. काटेचा डाग गेला, काटेखालचं अक्षर तसंच होतं. त्याच हातानं लिहिलेलं दुसरं काही सापडतं का, ते शोधत खाली गेले. दोन घरं सोडून एका मुलीच्या धंद्यावरची रेघ फिकट होती, खालचा शब्द वाचता येत होता. दोन्ही शेजारी ठेवून वळणं जुळवली. रंगारीण. चिनी मातीच्या भांड्यांवर हातानं फुलं रंगवणारी.

मला हवं तेच निघालं, म्हणून जास्त भीती वाटली. या कामात मन आधी वाचतं, डोळे मागाहून. काही न सांगता मी ते ग्रंथपालबाईंसमोर धरलं. त्यांनीही तेच वाचलं, वर "आता तरी हळू हसा" म्हणाल्या.

काका आत्याच्या स्वयंपाकघरात चीज घातलेली ओट्सची धिरडी खात बसला होता. मी पान पुढे ठेवलं. पाद्रीबुवांवर त्याचं बोट बराच वेळ थांबलं.

"बरं. पण अविवाहित? त्यावर तर काट नाही."

"नाही," मी म्हणाले. "ते तसंच आहे."

आत्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

"मग असू दे की!" आत्या म्हणाली. "मी कुठे ते पुसायला सांगतेय? आपल्या आईचं पोट तिनं फुलं रंगवून भरलं, क्लेम. आणि तू तिच्या नातीकडे बसून फुकट खातोयस."

काकानं सवयीनं बशी उलटी करून खालचा कारखान्याचा शिक्का बघितला. आमच्या गावात राजवाड्यात जेवायला बसवलं तरी माणूस आधी बशी उलटी करेल. उरलंसुरलं चीज त्याच्या पँटवर सांडलं.

"रंगवणाऱ्या बाया खाली आपली खूण करायच्या ना?"

"करायच्या. मजुरी त्यावरच मिळायची."

"मग नुसतं नाव कशाला? दगडावर तिचं काम पण घाला." तो पँट झटकत उठला. "पेन कुठाय?"

"पेन देते, आधी हात धू," आत्या म्हणाली. "सहीवर चीज नकोय मला. आणि लवकर आटप, सोमवार जवळ आलाय."