दांड्यावरचा हात

मित्रांनो, गुरुग्रामच्या या उंच सोसायटीत मी आलो, त्या दिवशी गेटवरच्या गार्डने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला घेऊन आलेल्या मालकांना विचारलं, “अंकलजी, ये कौन-सा बैट है?” लिफ्टमधल्या एका छोट्या मुलीने मला लग्नाच्या स्वयंपाकातलं मोठं उलथनं ठरवून टाकलं. मी दोघांनाही दोष देत नाही. जिथे नळाबाहेर पाणी दिसत नाही, तिथे मला कोण ओळखणार? मी वल्हं आहे. जुनं, देवदाराचं, खाली रुंद पातं, मध्ये दांडा आणि वर आडवी मूठ असलेलं. होडी चालवणं हे माझं काम आणि पाणी हे माझं माहेर. त्या माहेराची ओढ काय असते, ते मला विचारा.

माझा जन्म दिल्लीतल्या कीर्ती नगरच्या लाकूडबाजारातला. उत्तराताईंनी मला मुद्दाम करून घेतलं. त्या भंडारा जिल्ह्यातल्या, तलावांच्या मुलखातल्या. लहानपणी डोंग्यात बसून शिंगाडे काढायला जायच्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांची पाण्याची साथ सुटली. त्यांचे यजमान भूषणराव, म्हणजे बुद्धभूषण, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. ऑफिसातल्या काही हौशी मंडळींनी दोन होड्या घेतल्या होत्या. थंडी पडली की सगळे बायकामुलांसह गढमुक्तेश्वरच्या पुढे गंगेवर जायचे, होड्या चालवायचे आणि वाळूच्या बेटावर तंबू ठोकून राहायचे. उत्तराताईंना पुन्हा पाणी मिळालं. पण होडीबरोबर आलेली प्लॅस्टिकची वल्ही त्यांना लांब पडत. “झाडू मारल्यासारखं वाटतं,” त्या म्हणायच्या.

म्हणून त्या सुताराकडे गेल्या, स्टुलावर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, या स्टुलापासून माझ्या नाकापर्यंत माप घ्या. होडीत बसून चालवायचं वल्हं असंच मोजतात. सुतार बिचारा लाजला, तेव्हा भूषणरावांनी टेप हातात घेतली आणि म्हणाले, “हिचं नाक नेहमी जरा वरच असतं, तेवढं कमी करा.” सुताराला मराठी कळत नव्हती, तरी तो हसला. त्याला मला चकचकीत व्हार्निश लावायचं होतं. उत्तराताईंनी लावू दिलं नाही. हाताने धरायच्या जागी व्हार्निश असलं की तळव्याला फोड येतात. त्यांनी मला जवसाचं तेल पाजलं, आणि पुढे प्रत्येक सहलीहून आल्यावर पाजत राहिल्या.

मग माझे खरे दिवस सुरू झाले. होडीत भूषणराव पुढे बसत, मांडीवर नकाशा आणि गळ्यात होकायंत्र. उत्तराताई मागे, कारण होडीची दिशा मागचं वल्हं ठरवतं. ऑफिसातले लोक भूषणरावांना यावरून चिडवायचे, पण त्यांना त्याचं काही नसायचं. मुलांना शिकवताना उत्तराताई सांगायच्या, “पातं पूर्ण बुडू दे. हाताने ओढू नकोस, पाठीने ओढ. आणि आवाज नको. पाण्याला कळता कामा नये.” मी पाण्यात शिरायचो, एक छोटा भोवरा उठायचा आणि बघता बघता विरून जायचा. जवळच एखादी सूंस, म्हणजे गंगेतली डॉल्फिन, वर येऊन श्वास टाकायची. तसं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही.

एका सकाळी धुकं असं उतरलं की होडीचं पुढचं टोकही दिसेना. भूषणरावांनी होकायंत्र काढलं आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, किनारा उजवीकडे. आम्ही उजवीकडे वळलो आणि वळतच राहिलो. थोड्या वेळाने उत्तराताईंनी विचारलं, “अहो, ते होकायंत्र कशावर ठेवलंय?” ते पोहे आणि चिवड्याच्या पत्र्याच्या डब्यावर ठेवलेलं होतं! लोखंड जवळ आलं की होकायंत्राची सुई भरकटते, हे रोज मुलांना घोकून घेणारे भूषणराव स्वतः विसरले होते. त्या दिवसापासून चिवडा मागच्या बाजूला, उत्तराताईंच्या ताब्यात गेला. भूषणरावांना त्याचंच जास्त वाईट वाटलं असावं.

पण एका बाबतीत भूषणराव कधी चुकत नसत. तंबू गवतावर नाही, कोऱ्या वाळूवर ठोकायचा. तोही कासवांच्या घरट्यांपासून लांब. लाकडं जाळायची नाहीत, स्वयंपाक स्टोव्हवर. नदीत साबण नाही. शौचाला पाण्यापासून दूर जायचं, वीतभर खड्डा खणायचा आणि नीट बुजवायचा. आणि आणलेलं सगळं परत न्यायचं, अगदी संत्र्याच्या सालीसुद्धा. त्यांची मुलगी मैत्रेयी एकदा म्हणाली, “आई, साल तो सड़ जाएगा ना!” उत्तराताईंनी तिला सगळ्या साली वेचायला लावल्या. “इथल्या कोल्ह्यांनी नागपूरची संत्री कुठे पाहिलीत? उगाच सवय लागेल त्यांना.”

निघताना मुलं एका ओळीत उभी राहून सगळी जागा वेचून काढायची. मग वाळक्या फांदीने वाळू सारखी करायची. शेवटी भूषणराव मोठ्याने विचारायचे, “इथं कुणी राहिलं होतं का?” आणि मुलं ओरडायची, “नाही!” मलाही तेव्हा फार अभिमान वाटायचा.

घरीही त्यांचं तसंच होतं. सरकारी क्वार्टर म्हणजे त्यांच्या लेखी तंबूच. आज ना उद्या परत द्यायचा. भिंतीला एक खिळा म्हणून ठोकू दिला नाही त्यांनी. कॅलेंडर खिडकीच्या गजाला, घड्याळ कपाटावर आणि मी बाल्कनीत कूलरच्या मागे. उत्तराताई कुरकुरायच्या, मग हसून सोडून द्यायच्या.

वर्षं गेली. मैत्रेयी शिकायला बाहेर पडली, नोकरीला लागली. ऑफिसातली मंडळी बदल्या होऊन पांगली. होड्या कुणाच्या तरी अंगणात पालथ्या पडल्या. मग उत्तराताईंचं दुखणं आलं. सहली थांबल्या तरी त्या अधूनमधून बाल्कनीत यायच्या आणि माझ्या दांड्यावर तेलाचं फडकं फिरवायच्या. शेवटी शेवटी नुसताच हात ठेवायच्या, नेहमीच्याच जागी, पात्याच्या थोडं वर. त्यांच्या तळव्याने तिथे माझं लाकूड काळसर आणि गुळगुळीत झालं होतं. वरच्या मुठीवरही तसाच डाग होता. मग त्या यायच्या थांबल्या. कूलरच्या मागे मला बातमी कळायला वेळ लागला, पण घरातल्या रडण्यावरून कळली.

बौद्ध रीतीप्रमाणे पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणाचा, कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, मैत्रेयी गुरुग्रामला परतली. आणि भूषणरावांनी घर आवरायला घेतलं. साड्या, स्वेटर, चष्मा, मसाल्याचे डबे, सगळं बांधून ज्याला उपयोगी पडेल त्याला देऊन टाकलं. चार दिवस त्यांनी मान वर केली नाही. मलाही उचलून दाराशी त्या ढिगावर ठेवलं. माणूस सामान न्यायला आला तेव्हा मला बाजूला काढलं, परत ठेवलं, परत काढलं. शेवटी मी कूलरच्या मागेच राहिलो. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मैत्रेयी आली. तिने कपाट उघडलं, स्वयंपाकघरात गेली, बाथरूममध्ये गेली. बाहेर येऊन ती मोकळ्या खोलीत उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, इथं कुणी राहिलं होतं का?”

भूषणरावांनी तिने उघडं टाकलेलं कपाट लावून घेतलं. त्यानंतर ती वडिलांशी औषधं, बिलं आणि जेवण यापलीकडे बोलेनाशी झाली. त्यांचं क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा तिनेच त्यांना आपल्या फ्लॅटवर आणलं. एक सुटकेस, एक पेटी आणि मी.

मला पाहून मात्र तिचा चेहरा बदलला. “अरे, आईचं पॅडल!” वल्हं हा शब्द ती कधीच विसरून गेली होती, पण मला विसरली नव्हती. स्वतःच्या घराच्या भिंतीवर, सोफ्याच्या वर, ती मला टांगणार होती. आईचं एवढंच उरलं होतं तिच्याकडे. माझ्यासाठी तिने ड्रिल मशीन मागवलं आणि दारं पॉलिश करायला आलेल्या शंकरला सांगितलं, “भैया, इसको भी एकदम नया कर देना।”

तिचं काय चुकलं? आवडत्या वस्तूला माणूस नटवतोच. शंकरही कामाला चांगला होता. त्याने मला वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं आणि बारीक सँडपेपर घेऊन मुठीपासून सुरुवात केली. मित्रांनो, तेव्हा मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. मुठीवरचा डाग पुसट झाला, मग निघूनच गेला. खाली कोरं, पिवळं लाकूड उघडं पडलं. सुताराच्या दुकानात होतो तसा मी दिसू लागलो, आणि ते मला नको होतं. शंकर दांड्याकडे वळला. तेवढ्यात भूषणराव फिरून परत आले.

“रुको, रुको। वहाँ मत घिसो।”

“बाबूजी, काला पड़ गया है। मैल है, निकल जाएगा।”

भूषणराव खाली बसले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसले. त्यांनी दांड्यावर बोट टेकलं. “मैल नहीं है, भाई। ये मेरी मिसेज़ का हाथ है।”

स्वयंपाकघरातून मैत्रेयी बाहेर आली होती. शंकरने सँडपेपर खाली ठेवला आणि चहा प्यायचं निमित्त काढून तो गॅलरीत गेला. मैत्रेयीने माझी कोरी मूठ पाहिली, मग दांडा पाहिला.

“मला माहीत नव्हतं, बाबा. मी तर... मला वाटलं, छान दिसेल.”

“तुला कसं माहीत असणार? मी सांगितलं होतं का?”

“तुम्ही तर सगळंच देऊन टाकलंत. एक स्वेटर ठेवला असता. मी वास तरी घेतला असता तिचा.”

भूषणरावांनी दांड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “ती गेल्यावर काय करायचं ते मला कळेना, मैत्रेयी. तंबू उठवला की आवरायचं, एवढंच मला येतं. म्हणून आवरत सुटलो. तुझ्यासाठी काही ठेवायला हवं होतं, हे सगळं गेल्यावर लक्षात आलं. हे एक हातातून सुटलं नाही.” आणि ते रडले. बऱ्याच वर्षांत कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मैत्रेयी त्यांच्याशेजारी फरशीवर बसली आणि तिनेही रडून घेतलं. भिंतीला भोक पडलं नाही. ड्रिल मशीन परत गेलं.

या थंडीत दोघं मला घेऊन गंगेवर गेली. होडी भाड्याची होती. मैत्रेयीने भूषणरावांना मागे बसायला सांगितलं, पण ते सवयीने पुढे जाऊन बसले. ती मागे बसली. कोवळं ऊन होतं आणि पाणी शांत होतं. किती दिवसांनी मी पाण्यात शिरलो, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. मला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होणार.

तसं झालं नाही. मैत्रेयीने जपून, नेमकी आईच्या हाताच्या जागीच मला धरलं. पण ती आईपेक्षा वीतभर उंच. त्या जागी हात ठेवला की तिला वाकावं लागे, माझं पातं तिरपं पडे आणि पाणी तिच्याच अंगावर उडे. होडी एका बाजूला वळू लागली.

भूषणराव वळले नाहीत. इतकी वर्षं ते पुढेच बसले होते. उत्तराताईंना वल्हवताना त्यांनी फारसं पाहिलंच नव्हतं, त्यांना फक्त होडी कळायची. समोर पाहतच ते म्हणाले, “तू आईच्या जागी धरलंयस ना?”

“हो.”

“ती जागा तुझी नाही, बाळा. तुझा हात वर येतो. तू तुझ्या जागी धर.”

मैत्रेयीने मला पाण्याबाहेर काढलं. मग तिचा हात काळसर जागेवरून उठला आणि वर, कोऱ्या लाकडावर आला. तिने पाठीने ओढलं. पाण्याला कळलंही नाही, आणि होडी सरळ निघाली.

मित्रांनो, नदीकाठी मुक्काम कराल तेव्हा मागे काही ठेवू नका. तो काठ कासवांचा आहे, पाखरांचा आहे. पण आपलं माणूस गेलं तर त्याचं घर इतक्या घाईने आवरू नका. आणि त्याची एखादी वस्तू हाती लागली, तर तिला भिंतीवर चढवू नका, घासूनपुसून नवी करू नका. तिला तेल पाजा आणि कामाला लावा.

मी आता मैत्रेयीच्या दाराच्या मागे उभा असतो. माझ्या दांड्यावर उत्तराताईंचा हात आहे आणि त्याच्या वरची जागा अजून कोरी आहे. शनिवारी ती ऑफिसातून दमून येते, बॅग माझ्याशेजारी टाकते आणि फोनवर पुढच्या आठवड्याच्या मीटिंगा ठरवते. मी तिच्या हाताकडे बघत असतो. लाकडाला माणूस लगेच कळत नाही. पुष्कळ पाणी कापावं लागतं, पुष्कळ सकाळी लागतात. भूषणराव आता थकलेत, त्यांच्याच्याने होडीत बसवणार नाही असं डॉक्टर म्हणतात. मैत्रेयी, तू एकटी चल, पण चल.