झोपेची मुदत

पडद्याखालचा हिरवा ठिपका पिवळा झाला, म्हणजे संगणक झोपला — आणि ती मात्र फोन कानाशी धरून हसतच होती. पलीकडे शब्दकोशाचा संपादक. जन्मभर नकाशे काढून तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, घरी बसला. आणि बायकोला मात्र साठीला टेकल्यावर हे नवं काम मिळालं, शब्दांचे अर्थ लिहिण्याचं. "अहो, असं नाही हो!" ती फोनवर म्हणाली. ज्या 'अहो'वर चौतीस वर्षं माझा एकट्याचा हक्क समजत होतो मी... तोच, तसाच, शेवटी किंचित लांबवलेला.

सकाळी ती आंघोळीला गेल्यावर त्यानं वीजबचतीच्या सेटिंगमध्ये शिरून झोपेची मुदत अर्ध्या तासावरून एका मिनिटावर आणली होती. विजेसाठीच, असं स्वतःला बजावलंही होतं — गीझर तासन्‌तास चालू ठेवून विसरणाऱ्या माणसानं!

"अहो, हा बघा ना, सारखा झोपतोय."

हाक कुणाला, हे क्षणभर त्याला कळेना. मग, "वीज वाचते," तो पेपरामागून म्हणाला.

तोवर संपादक पायऱ्या सांगू लागलाही होता, आणि ती शाळकरी मुलीसारखी एकेक म्हणत होती — "उघडलं... हो, पॉवर... त्याखाली, झोप... किती मिनिटांनी? ए—"

ती थांबली. पेपराच्या कडेवरून त्याला तिची पाठ दिसत होती, माउसवर थिजलेला हात दिसत होता. आता वळेल. आता भांडेल. भांड ना... निदान माझ्याशी भांड.

"काही नाही हो," ती फोनमध्ये म्हणाली, "आपोआप झालं असेल. जुना झालाय." पलीकडे हसू फुटलं.

फोन ठेवून ती उठली. "अर्धा तास ठेवलाय परत. चालेल ना?" आवाजात राग नाही, टोमणा नाही. कपबशा उचलून ती आत गेली.

परक्यापुढे तिनं आपल्याला पाठीशी घातलं — त्याला हायसं वाटलं, डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं... पण किती सहज! आवाज तसूभर हलला नाही. इतक्या सफाईनं ही झाकू शकते? संपादक केव्हाच मनातून पुसला गेला होता. आत नळ सुटला, भांडी वाजली, आणि पेपर मांडीवर तसाच टाकून तो आठवू लागला — एकेका वर्षातली, एकेका संध्याकाळची, आपल्याला मिळालेली सगळी 'काही नाही हो'.