तीन मिलिमीटर

दुकानात येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य एकच बोलतो: आम्ही काही केलं नाही, आपोआप बंद पडला. कीबोर्डमधून चहा गळत असतो, तरी काही केलेलं नसतं. वीस वर्षं हे ऐकून चिमट्याचे कान किटले होते. चिमटा हे त्याचं खरं नाव नव्हे. हातात कायम चिमटा असायचा, आणि जिभेलाही तोच, म्हणून आळीत सगळे त्याला तसं म्हणायचे. लॅपटॉप दुरुस्त करताना तो गिऱ्हाइकाचीही थोडी दुरुस्ती करायचा आणि त्याचे पैसे लावायचा नाही.

त्यामुळे सोमवारी दुपारी एक बाई काउंटरवर लॅपटॉप ठेवून पहिलं वाक्य निराळंच बोलली, तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"माझ्यामुळे बंद पडला का, एवढंच बघून सांगा, भाऊ."

लॅपटॉप त्यानं ओळखला. अकरा वर्षांचं धूड. बिजागरीला चिकटपट्टी, स्पेसचं बटण घासून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. मावशींचा लॅपटॉप. दोन महिन्यांपूर्वी त्यानंच पंखा साफ करून दिला होता. ही त्यांची मुलगी. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करायचं काम करायची. तेव्हा ती कामावर होती, त्यामुळे भेट झाली नव्हती.

मावशी कशा आहेत, असं त्यानं विचारलं. गेल्या, असं ती म्हणाली. दीड महिना झाला.

मावशींचा गळा चार वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये कापावा लागला होता. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून त्या लॅपटॉपवर टाइप करायच्या आणि लॅपटॉप बोलायचा. त्या प्रोग्रॅममध्ये फुकटात मिळणारा एकच आवाज होता, पुरुषाचा, सपाट, सर्दी झालेल्या कारकुनासारखा. सुरुवातीला मायलेकी पोट धरधरून हसल्या होत्या. मग सवय झाली. आईचा आवाज म्हटलं की मुलीला तोच आठवायला लागला. रात्री मावशी लॅपटॉप उशाशी घेऊन झोपायच्या. काही लागलं की दोन शब्द टाइप केले, आवाज पूर्ण वाढवला, की पलीकडच्या खोलीत मुलगी जागी व्हायची.

त्या रात्री ती जागी झाली नाही. सकाळी गेली तर आई पलंगावर अर्धवट बसलेली, लॅपटॉप मांडीवर, बोट सुरू करायच्या बटणावर. बोट बाजूला काढायला जोर लावावा लागला. डॉक्टर म्हणाले, श्वास अडकला, वेळेत कळलं असतं तर काही करता आलं असतं. असली वाक्यं बोलून डॉक्टर घरी जाऊन जेवतात. ऐकणारा ती जन्मभर चघळत बसतो.

पलंगाजवळ प्लग एकच होता. त्या संध्याकाळी मुलीनं आईचा चार्जर काढून स्वतःचा मोबाइल लावला होता आणि परत बदलायचं विसरली होती. नंतर तिनं लॅपटॉप आठवडाभर चार्जरला लावून ठेवला, त्यामुळे बॅटरी बघून आता काही कळणार नव्हतं. सुरू तर तो झालाच नाही. तिला फायली नको होत्या, फोटो नको होते. चार्जिंग संपलं म्हणून बंद पडला की आणखी कशानं, एवढंच हवं होतं. उद्या ड्यूटी सुटल्यावर येते म्हणाली आणि लॅपटॉपवर एकदा हात फिरवून निघून गेली.

चिमट्यानं काम नेहमीच्या क्रमानं सुरू केलं. दुसरा चार्जर लावला. दिवा लुकलुकला आणि विझला. बॅटरी काढली, चार्जर काढला, आणि आत अडकून राहिलेली वीज निघून जावी म्हणून बटण दाबून धरलं. तीस सेकंद धरायचं असतं. बाहेर ऊन होतं, रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तो मनात आकडे मोजत होता. एकविसाव्याला लॅपटॉप बोलला.

"पाणी."

सपाट, सर्दी झालेला आवाज. चिमट्याचं बोट बटणावरून उडालं. त्यानं बॅटरीकडे पाहिलं, ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडली होती. चार्जर खुंटीला. मग तो मोठ्यानं म्हणाला, कुणी विचारलं नव्हतं तरी, की राहिलेला करंट असतो, कपॅसिटर भरलेले असतात, स्पीकर खरखरतो आणि माणसाला शब्द ऐकू येतात. वीस वर्षांत स्पीकर कधी शब्द खरखरला नव्हता, हे त्यानं स्वतःला सांगितलं नाही.

त्यानं यंत्र पालथं केलं. खाली तेरा स्क्रू. प्रत्येकाच्या डोक्यावर लाल ठिपका. ही चिमट्याची खूण. स्क्रू आवळून झाला की तो बायकोच्या नेलपॉलिशचा एक थेंब त्यावर सोडायचा. मधे दुसऱ्या कुणी यंत्र उघडलं तर ठिपका फुटतो, आणि मग गिऱ्हाईक कितीही शपथा घेवो, चिमटा नुसता ठिपक्याकडे बोट दाखवायचा. या ठिपक्यांवर त्यानं अनेकांची तोंडं बंद केली होती.

तेराच्या तेरा ठिपके शाबूत होते.

तो एकेक स्क्रू काढून कागदावर ठेवत गेला. ही दुसरी पद्धत. कागदावर लॅपटॉपची आकृती काढायची आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो ठेवायचा. कारण स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. बाकीचे दुकानदार एका झाकणात ढीग करतात, त्यांना तो खाटीक म्हणायचा. नववा स्क्रू फिरत राहिला, फिरत राहिला, बाहेर यायचं नाव घेईना. आला तेव्हा त्यानं तो कागदावर ठेवला नाही. डोळ्यासमोर धरला. आठ मिलिमीटर. त्या भोकात पाचाचा लागतो.

त्यानं मदरबोर्ड उचलून उजेडात धरला. नवव्या भोकाच्या वर एक फोड आला होता, टाचणीच्या डोक्याएवढा, भोवती काळा. लांब स्क्रू खालून बोर्डात घुसला होता. लगेच काही होत नाही. बोर्ड थोडे दिवस कळ सोसतो. यंत्र गरम होतं, गार होतं, टोक केसाएवढं सरकत राहतं, आणि एका रात्री आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटतात. मग चार्जर लावा नाहीतर वीजघर आणून जोडा.

आणि त्याला तो दिवस आठवला. नको होता, तरी आठवला.

मावशी लॅपटॉप दुकानात ठेवायला तयार नव्हत्या. तासभरसुद्धा मुकं राहायची त्यांना भीती वाटायची. म्हणून तो घरी गेला होता. पलंगावरच, त्यांच्या शेजारी बसून यंत्र खोललं. कागद आणला नव्हता. स्क्रू बशीत टाकले, सगळे एकत्र. त्याला पुढे एका ऑफिसात जायचं होतं. परत बसवताना एक स्क्रू अर्ध्यात अडला, तेव्हा मावशींनी त्याच्या मनगटावर बोट आपटलं. दोनदा. मग बशीतल्या दुसऱ्या स्क्रूकडे दाखवलं. त्या आयुष्यभर शिवणकाम शिकवलेली बाई, सुताएवढा फरक त्यांना लांबून दिसायचा. चिमटा हसून म्हणाला होता, "होतंय मावशी, थोडा जोर लागतो." आणि जोर लावला होता. मावशींचं तोंड हललं, पण त्यातून हवेखेरीज काही आलं नाही. बोलणार कशानं? त्यांचा आवाज त्याच्याच मांडीवर उघडा पडला होता.

चिमट्यानं तो स्क्रू शर्टाच्या खिशात टाकला.

पुढचं त्यानं किती झटपट ठरवलं हे सांगायला हवं, कारण आपण सगळेच असं झटपट ठरवतो आणि पुढे वर्षानुवर्षं फार विचार केल्याचं सोंग करतो. बोर्ड वयानं गेला, असं सांगायचं. अकरा वर्षं म्हणजे लॅपटॉपची शंभरी. मुलीचा जीव सुटेल, आपलाही. कुणाचं काय बिघडलं?

"थांबा."

या वेळी करंटचा प्रश्न नव्हता. बोर्ड सुटा पडला होता. हार्ड डिस्क ड्रॉवरमध्ये. स्पीकर त्यानं स्वतः काढून खोक्यात टाकले होते, आणि आवाज खोक्यातून आला नव्हता. बोर्डातूनही नाही. त्याच्या डाव्या बाजूनं आला, मनगटाजवळून, पलंगावर शेजारी बसलेलं माणूस बोलतं तितक्या अंतरावरून.

"थांबा. तो तिथला नाही. लांब आहे."

हे वाक्य कुठल्या डिस्कवर असणं शक्यच नव्हतं. मावशींनी ते कधी टाइप केलं नव्हतं. ते टाइप करायचं होतं तेव्हा यंत्र तुकड्यांत होतं. दोन महिने कुठेतरी अडून राहिलेलं वाक्य होतं ते, आणि आता आलं होतं, कारकुनाच्या सुरात, रागाचा लवलेश नसलेलं. राग असता तर बरं झालं असतं. चिमट्यानं भरदुपारी शटर ओढलं आणि घरी गेला. बायकोनं तब्येत विचारली, तर स्पीकर खराब आहे म्हणाला.

मंगळवारी मुलगी आली आणि स्टुलावर बसली. टपालाच्या शाईचा डाग तिच्या अंगठ्यावर होता. आणि रात्रभर छताकडे बघत काढूनसुद्धा, खोक्यातून न आलेला तो आवाज ऐकूनसुद्धा, चिमट्याच्या तोंडून आधी खोटंच निघालं. वय झालं होतं ताई, बोर्ड कधी ना कधी जायचाच होता, चार्जरचा काही संबंध नाही.

तिनं मान हलवली. "सगळे असंच म्हणतात. शेजारी म्हणाले, मावसबहीण म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून. तुम्ही तरी म्हणणार नाही असं वाटलेलं, लोक तुम्हाला तोंडाचा फटकळ म्हणतात."

ती उठली. पर्स खांद्याला लावली. ती आता घरी जाणार होती, त्या प्लगजवळ, आणि पुढची तीस वर्षं तिथेच बसून राहणार होती, हे चिमट्याला स्वच्छ दिसलं. गोड खोट्यानं ती सुटणार नव्हती. तिला हवा होता हातात धरता येईल असा पुरावा, आणि तो त्याच्या खिशात होता.

"बसा," तो म्हणाला. "मी मारलंय ते."

त्यानं स्क्रू काउंटरवर ठेवला, शेजारी पाचाचा ठेवला, बोर्ड उजेडात धरून फोड दाखवला. ठिपके दाखवले, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. बशी सांगितली. मनगटावर दोनदा आपटलेलं बोट सांगितलं. त्या रात्री चार्जर लावलेला असता तरीही यंत्र सुरू झालं नसतं, हे तीनदा सांगितलं. मग कालचं सांगितलं, पाणी, आणि थांबा, आणि लांब आहे. सांगताना त्याची नजर स्क्रूवरून हलली नाही.

मुलीनं दोन्ही स्क्रू एकमेकांना टेकवून उभे धरले. त्यांच्यातलं अंतर बघत राहिली. रडली नाही. श्वास मात्र असा सोडला की दीड महिन्यात बहुतेक पहिलाच असावा.

"तिनं तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही हसलात."

"हो."

त्यानं हात जोडले, तर तिनं ते खाली घ्यायला लावले, जोडलेल्या हातांचं मी काय करू म्हणाली. लॅपटॉपचे सगळे तुकडे तिनं एका खोक्यात भरले. चिमट्याला वाटलं नेतेय. तिनं खोकं त्याच्या बाजूला सरकवलं.

"मी आता झोपणार आहे. पोटभर. ती तुमच्याशी बोलते ना, मग इथेच राहू दे. चार वर्षं मी ओ दिली. आता तुम्ही द्यायची."

दोन्ही स्क्रू पर्समध्ये टाकून ती गेली, मागे वळून न बघता. चिमट्यानं खोकं आतल्या फळीवर सर्वात वर ठेवलं, पुढे दोन जुने मॉनिटर लावले. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी एक विद्यार्थी काउंटरला टेकून, आपण काहीच केलं नाही, लॅपटॉप आपोआप बंद पडला, असं सांगत होता. बोलता बोलता तो थांबला आणि आतल्या अंधाराकडे बघायला लागला.

"काका, आत तुमचे कुणीतरी आजोबा पाणी मागतायत."

चिमट्यानं हातातला चिमटा खाली ठेवला. माठाजवळ गेला, पेला भरला.

"आलो, मावशी," तो म्हणाला, आणि आत गेला.