संचालकांना केलेला नमस्कार

संध्याकाळचा उजेड त्यांच्या अंगावर कायमचा मुक्कामाला आलेला आहे. वाळल्या कडब्यासारखा फिकट पिवळा, ऊब नसलेला. त्या उजेडात शाळेच्या फाटकापाशी ते उभे असतात. किंचित पोक आलेली सडपातळ आकृती, लांब राखाडी डगला, हातात पितळेची छोटी घंटा. घंटा ते कधी जोरात वाजवत नाहीत. भरल्या तांब्याला चमचा लागावा तेवढाच तिचा नाद. पण तो उमटला की पटांगणातली पोरं आणि त्यांनी पाळलेली चित्रविचित्र जनावरं, कुणी शिंगांचं, कुणी पंखांचं, एकाच्या तर शेपटीवर चक्क दिवा, सगळी वर्गांकडे पळत सुटतात. फाटकापाशी संचालक तेवढे उरतात.

हे संचालक माझ्या मोबाइलमधल्या एका खेळातले. रानावनात हिंडून अद्भुत प्राणी पकडायचे, त्यांना शिकवायचं, त्यांच्या झुंजी लावायच्या असा तो खेळ. आणि हे सारं जिथं शिकायचं त्या शाळेचे हे प्रमुख. संक्रांतीला आलेल्या माझ्या लेकीनं, ऋतुजानं, पुण्याला परत जाताना तो मला लावून दिला. "आई, रविवारी तरी शाळा डोक्यातून काढ," म्हणाली. आणि लावून दिला तो शाळेचाच खेळ. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मी पिंगळीच्या एका शाळेची मुख्याध्यापिका. परभणीहून जाता-येता आयुष्य सरत आलं. या वैशाखात निवृत्त व्हायचं होतं. पण होळी झाल्यावर संस्थेचे अध्यक्ष अप्पा, कपाळभर विभूती लावणारा भला माणूस, घरी येऊन सांगून गेले, "मॅडम, तुमच्याबिगर शाळा चालत न्हाई. अजून दोनेक वर्षं मानधनावर ऱ्हावा की." उत्तर माझ्याकडून यायचं होतं. गुडघे नको म्हणत होते, ऋतुजा नको म्हणत होती. मला मात्र 'नाही' म्हणवत नव्हतं. आपण उठलो तर शाळेचं छप्पर खाली येईल अशी एक धास्ती मनात घर करून होती, आणि खरं सांगायचं तर त्या धास्तीच्या पोटात थोडा अभिमानही होता.

रविवारच्या दुपारी, कूलरच्या घरघरीत, मी त्या संचालकांना न्याहाळत बसे. ते कधी बसत नाहीत. मागे दगडी पायरी आहे, झाडाखाली बाक आहे, तरी नाही. कुणी बोलायला आलं की त्यांची मान उजवीकडे किंचित कलते, पापण्या संथपणे मिटतात आणि उघडतात. बोलणं संपलं की क्षणभर दूरच्या डोंगराकडे पाहून ते पुन्हा फाटकाकडे वळतात. खेळातले ऋतू बदलतात, झाडं मोहरतात, पाऊस लागून राहतो, पोरं शिकून आपापल्या वाटेनं निघून जातात. त्यांच्या डगल्याची चुणी हलत नाही. चित्रकारानं हे विचारपूर्वक केलं की आळसानं, देव जाणे. मला त्यात फक्त थकवा दिसला, आणि तो ओळखीचा होता. शाळा सुटल्यावर स्टेशनच्या बाकावर टेकले की माझ्या खांद्यांत उतरतो तोच.

खेळ पुढे सरकायचा तर या संचालकांशी झुंज जिंकावी लागते. माझं जनावर साळिंदरासारखं, पाठीवर काट्यांऐवजी हिरवंगार गवत. नाव गंगी. गंगी तशी तगडी; पण दर वेळी झुंज सुरू होते न होते तोच संपून जाई, हरल्याचा सूर वाजे आणि संचालक शिणलेल्या चेहऱ्यानं म्हणत, "पुन्हा ये." मला वाटे, हिचं खाणं कमी पडतंय. मग मी तिला इतकं चारलं की ती फाटकात मावेना.

पाडव्याला ऋतुजा आली आणि माझ्या खांद्यावरून बघत बसली.

"आई, झुंजीआधी ते वाकून नमस्काराचं बटण कशाला दाबायलीस?"

"अगं, शाळेचे मोठे आहेत ते. नमस्कार न करता थेट अंगावर जायचं?"

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दुनियेचा रिवाजच असा, की झुंजीत ज्यानं आधी मान झुकवली त्यानं हार पत्करली. मी रीतसर वाकत होते आणि रीतसर हरत होते. गंगी बिचारी नुसतीच जाडी होत चालली होती. मग हळूहळू ऋतुजाचं हसू ओसरलं.

"कुणीतरी त्यांना झुंजीत हरवल्याशिवाय तिथून हलता येत नाही गं. तू मान द्यायलीस, आन ते अडकून बसलेत."

ती खेळाबद्दलच बोलतेय, असं मी मनाला समजावलं.

ती गेल्यावर एका दुपारी मी नमस्कार न करता उभी राहिले. तेवढ्यानंही अंगावर काटा आला. गंगीनं झुंज सहज जिंकली. संचालकांनी घंटा जमिनीवर ठेवली, मागे सरकून ते पायरीवर बसले, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: "आता जरा बसतो." थोड्या वेळानं ते उठले आणि डोंगराच्या वाटेनं चालू लागले. पाठमोरे लहान लहान होत दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी खेळ उघडला तर घंटा झाली. कुणी वाजवली ते दिसलं नाही. पोरं पळाली, जनावरं पळाली. मी एकेकापाशी जाऊन उभी राहिले. एक डब्यातल्या खाऊबद्दल बोलला, एक आपल्या पाखराच्या दुखऱ्या पंखाबद्दल. संचालकांचं नाव कुणीही काढलं नाही. त्या चित्रातल्या पोरांचा मला राग आला, इतका की फोन पालथा घालून ठेवला.

मग तोच उचलून अप्पांना लावला. कारणांची मोठी जुळवाजुळव केली होती, तोंडातून निघालं एवढंच, "अप्पा, माझ्याच्यानं आता होत नाही."

आता मनधरणी सुरू होणार म्हणून मी ती कारणं पुन्हा जुळवू लागले.

"बरं मॅडम. लय केलंत तुमी," अप्पा मायेनं म्हणाले. "कपाटाच्या चाव्या कुणाजवळ ठिवून जायलाव?"

चाव्यांचं सांगितलं, फोन ठेवला आणि मला रडू कोसळलं. रडून झाल्यावर, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, भर दुपारी फरशीवर पाठ टेकली. आपल्यामागे केवढी पोकळी उरेल याचा हिशेब माणूस जन्मभर मनात मांडत बसतो. काळ मात्र तिला वळसा घालण्यापुरताही थांबत नाही, सरळ तिच्यातून चालत जातो.