खिडकी अजून जरा मोठी

निवृत्त झाल्यावर ड्राफ्ट्समननं रेघा आखायचा टी-स्क्वेअर माळ्यावर टाकला, पण स्वतःच्या घराचा नकाशा बोर्डावरून काढायला त्याचा हात धजेना. ते घर कधी बांधून झालंच नाही. तरी दर रविवारी बायकोचं एकच पालुपद असायचं, "अहो, स्वयंपाकघराची खिडकी अजून जरा मोठी करा ना."

"आता घरालाच खिडकीत बसवतो," असं पुटपुटत तो ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडनं खरवडायचा आणि नवी रेघ मारायचा.

ती जाऊन तीन वर्षं झाली. आज त्यानं तो कागद पहिल्यांदाच बोर्डावरून काढून उजेडासमोर धरला. सगळं घर धुरकट दिसत होतं. खरवडून पातळ झालेल्या त्या खिडकीतून तेवढं ऊन येत होतं.

त्यानं ब्लेड शोधून काढलं.