पडद्याबाहेरचा कॉलम

या मित्रांनो, इकडे सरकून बसा. आज तुम्हाला आमच्या ताईंची गोष्ट सांगतो. अधूनमधून हसायला येईल, खुशाल हसा. पण शेवटी शेवटी माझा आवाज बसला तर समजून घ्या.

मी एक जुना टास्क बोर्ड आहे, कुठलं काम कुठवर आलं ते दाखवणारा. बोर्ड म्हणजे फळा नव्हे हो, खडू नाही नि डस्टर नाही. मी कॉम्प्युटरात राहतो. कुठल्याशा ऑफिसात चार पोरापोरींनी चहा ढोसत मला बनवलं आणि मुद्दाम अर्धवट सोडलं. ज्याचं जसं काम, तसे त्याने कॉलम पाडावेत, रंग द्यावेत, नियम लावावेत. म्हणजे मला स्वतःची अशी अक्कल नाही. घेणाऱ्याची अक्कल, तीच माझी.

मला घेतलं व्हीलचेअर दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपने. पत्र्याची लांबलचक शेड, रबराचा नि ग्रीसचा वास, आणि भिंतीवर भला मोठा टीव्ही. त्या टीव्हीवर मी. माझ्याआधी तिथे पांढरी पाटी होती. पण बेरिंगकाकांची बाही घासली की पाटीवरची दोन-तीन माणसं पुसलीच गेली म्हणून समजा. बेरिंगकाका म्हणजे तिथले सगळ्यात जुने फिटर. खुर्ची नुसती ढकलून, कान लावून, कुठलं बेरिंग गेलंय ते सांगायचे. दहातल्या चार वेळा बरोबरही यायचं.

वर्कशॉपचा सगळा कारभार ताईंच्या अंगावर. त्यांनीच मला घडवलं. एकेका खुर्चीचं एकेक कार्ड केलं, आणि कॉलम पाडले: आलं, हातात घेतलं, पार्ट हवाय, चाचणी, घरी गेलं. कार्डावर नुसता बिघाड लिहायचा नाही, खुर्चीवाचून माणसाचं काय अडलंय तेही लिहायचं, हा ताईंचा हट्ट.

रोज सकाळी सगळे माझ्यापुढे उभे राहायचे. कुठलं कार्ड पुढे सरकलं, कुठलं अडलं, उभ्याउभ्या बोलायचं.

"उभी बैठक म्हणे," काका कुरकुरायचे. "अगं, बैठकीत बसायचं असतं."

"तुम्ही बसलात की जेवायच्या सुट्टीपर्यंत उठत नाही, काका," ताई म्हणायच्या.

"आणि उठले की जेवायलाच उठतात," असं बोलायची चार्जर. ही बॅटरी नि वायरिंग बघणारी पोरगी. तोंड कधी बंद नाही, म्हणून तिला सगळे चार्जर म्हणायचे.

माझे ते दिवस सोन्याचे होते, मित्रांनो. ताईंनी मला एक नियम लावून दिला होता. 'पार्ट हवाय' मध्ये तीनच कार्डं राहतील. चौथं आलं की मी लालभडक व्हायचं आणि कोकलायचं. मी कोकललो की हातातलं काम टाकून सगळे पार्टच्या मागे लागायचे. खुर्च्या भराभर घरी जायच्या. पाहुणे यायचे, माझा फोटो काढायचे. मी आपला फुगायचो.

पुढे मोटर पाठवणारा कारखानदार ढिला पडला. कार्डं तुंबायला लागली. मी रोज लाल, रोज कोकलणार.

एके दिवशी मालक आले, टीव्हीकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "ताई, हे काय? उद्या पाहुणे यायचेत, आणि भिंतभर लाल? काहीतरी करा."

ताई दमल्या होत्या. कारखानदाराला फोन करून करून त्यांचा कान गरम झाला होता. त्यांनी माझ्यात एक नवा कॉलम पाडला आणि उजवीकडे, अगदी टोकाला नेऊन ठेवला. नाव दिलं 'जरा थांबा'. अडलेली कार्डं तिकडे सरकवली. आता भिंतीवरचा टीव्ही 'घरी गेलं' पर्यंतच दाखवायचा. त्याच्या पलीकडचं बघायचं तर कॉम्प्युटरवर बसून मला बाजूला सरकवावं लागायचं. लाल गेलं, कोकलणं गेलं. मालक खूश, पाहुणे खूश.

"मी रोज बघत जाईन तिकडे," ताई म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या. बघायच्याही. मग एक दिवसाआड. मग आठवण आली की.

"ताई, हे कार्डही टाकू का बाहेर?" चार्जर विचारायची.

"टाक. दोनच दिवस."

त्याच सुमारास वाचनालयातल्या बाई आल्या. मोठ्या आजारातून उठलेल्या, हातात ताकद नाही, मोटरच्या खुर्चीवाचून दाराबाहेर पडणं मुश्कील. त्यांच्या जागी तात्पुरती दुसरी ठेवली होती. सोमवारी सकाळी बाई स्वतः हजर झाल्या तरच नोकरी त्यांची, नाहीतर ती दुसरी कायम. आणि खुर्चीची डावी मोटर जळलेली.

"रविवारी तुमच्या दारात खुर्ची आणून देते," ताई म्हणाल्या. "शब्द माझा."

"मग मी निर्धास्त," बाई म्हणाल्या.

मोटर मागवली. बाईंचं कार्ड गेलं 'जरा थांबा' मध्ये.

गुरुवारी मोटर आली. सकाळच्या उभ्या बैठकीत काकांनी खोकं वर धरलं. "ही डावी मोटर कुणाची रे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ताईंनीही. भिंतीवर मी लख्ख, टापटीप. 'पार्ट हवाय' रिकामा. मोटरची वाट बघणारं एकही माणूस नाही.

"बोर्डावर तर कुणी नाही," ताई म्हणाल्या. "जास्तीची पाठवली असेल. ठेवा शेल्फवर."

मित्रांनो, बाईंचं कार्ड टीव्हीच्या कडेपासून वीतभर अंतरावर होतं. मला जीभ असती तर मी भिंत हलवली असती. पण माझा आवाज नियमाने बांधलेला, आणि त्या कॉलमला नियमच नव्हता.

सोमवारी सकाळी फोन वाजला. ताईंनी स्पीकरवर घेतला.

"ताई, मी तयार होऊन दारात बसलेय. म्हटलं, रविवारी जमलं नसेल, सकाळी येईल. तुमचा माणूस कुठपर्यंत आलाय?"

ताईंनी मला उजवीकडे सरकवलं. कार्ड समोर आलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मग काय ती धावपळ! काकांनी खुर्ची उलटी केली, चार्जर वायर जोडायला बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिली. तरी दुपार झालीच.

टेम्पोत खुर्ची चढत होती तेव्हा मालक म्हणाले, "सांगा, पार्टच आज आला. कारखानदारावर ढकला. तसाही तो बदनाम आहे."

ताई टेम्पोत चढून बसल्या. मी त्यांच्या मोबाइलमध्येही असतो, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे.

बाई इस्त्रीची साडी नेसून उंबऱ्याशी बसल्या होत्या. मांडीवर पर्स.

"तासापूर्वी फोन आला वाचनालयाचा," त्या म्हणाल्या. "जागा तिला दिली. तुमच्या शब्दावर बसून राहिले हो मी. कालच कळवलं असतंत, तर भाऊ गाडी करून नेणार होता. उचलून आत बसवणार होता. मीच त्याला म्हटलं, नको, ताई आणतायत."

"पार्ट उशिरा..." ताईंनी सुरुवात केली आणि थांबल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "नाही. मोटर गुरुवारीच आली होती. आमच्या शेल्फवर पडून होती. अडलेलं काम भिंतीवर दिसू नये म्हणून मी तुमचं कार्ड पडद्याबाहेर ठेवलं. आणि विसरले."

बाईंनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली.

"दाखवा," बाई म्हणाल्या. "कुठे ठेवलं होतंत मला?"

ताईंनी मोबाइल पुढे केला, बोटाने मला सरकवलं. बाईंनी तो कॉलम वरपासून खालपर्यंत वाचला. एका शिंप्याची खुर्ची. एका आजोबांची. एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीची.

"यांना सांगितलंय का तुम्ही, की यांचं अडलंय?"

"नाही."

"म्हणजे हेही बसले असतील दारात."

ताईंना रडू फुटलं. बाईंनी समजूत काढली नाही. का काढावी? "रडू नंतर," त्या म्हणाल्या. "आधी फोन लावा. माझ्यासमोर."

त्याच उंबऱ्यावर बसून ताईंनी एकेकाला फोन केला. शिंप्याने खरपूस शिव्या घातल्या, त्या ऐकून घेतल्या. मग बाईंना घेऊन वाचनालयात गेल्या, साहेबांपुढे चूक कबूल केली. साहेब भला माणूस, पण जागा गेली ती गेली. कुणी रजेवर असलं की बोलवू, एवढंच म्हणाले. बाई आता अधूनमधून जातात. ती काही नोकरी नव्हे, आणि ताईंना ते कुणी सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तो कॉलम उचलून सगळ्यात डावीकडे, पहिला आणून ठेवला. मला पुन्हा कोकलायला शिकवलं. मालक कुरकुरले. ताई म्हणाल्या, "पाहुण्यांना लाल बघवत नसेल, तर त्यांना बाहेर बसवा." आता सकाळची उभी बैठक अडलेल्या कार्डांपासून सुरू होते. ताई एकेक नाव वाचतात, आणि वाचताना त्यांचा आवाज अजून खाली जातो. मोटरचं खोकं आलं, की कुणाची ते विचारायच्या आधी त्या खाली मान घालतात. काका बघून न बघितल्यासारखं करतात.

मी तसाच टापटीप दिसतो, मित्रांनो. पण माझं कुणी कौतुक केलं की मला कसंनुसं होतं.

तेव्हा एवढं करा माझ्यासाठी. तुम्ही कुणाला काही कबूल केलं असेल, आणि ते अडलं असेल, तर ते डोळ्यांआड सारू नका. मैत्रिणीची वही असेल, आजीचा चष्मा असेल, काहीही असेल. उठा, आणि आत्ताच्या आत्ता ज्याचं त्याला जाऊन सांगा, की अजून झालेलं नाही.