चरबी शिबिराची शिट्टी

मी एक पितळी शिट्टी आहे. माझ्या पोटात बुचाची एक गोळी आहे आणि तिच्यात गुटख्याचा वास इतका मुरलाय, की माझी मलाच शिसारी येते.

१९८१ साली जालन्याच्या एका शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनी मला विकत घेतलं. वामनराव त्यांचं नाव. मला वाजवून झालं की ते रुमालाने पुसत. पोरांना धाप लागली, तर सगळ्यांचे श्वास जागेवर येईपर्यंत मला हातात धरून गप्प उभे राहत. ते वारले, तेव्हा घरच्यांनी आठवण म्हणून मला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला दिलं. तो धर्मराज, तोंडात कायम गुटखा.

काही वर्षांनी धर्मराजने जुन्या जालन्यात 'चरबी घटवा' शिबिर काढलं. पद्धत त्याने कुठल्याशा मासिकात वाचली होती. एक शिट्टी झाली की जीव खाऊन पळायचं, दुसरी झाली की सावकाश चालायचं, मग पुन्हा पळायचं. पद्धत वाईट नव्हती. पण लोकांना घाम दिसला की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, हे धर्मराजने ओळखलं आणि चालण्याचा वेळ तो कापत गेला. घाम जास्त यावा म्हणून बायकांना तो पोटाला प्लास्टिक गुंडाळायला लावी. कुणाला भोपळा म्हणे, कुणाला पोतं. लोक हसत. ज्याला म्हटलं तोही हसे. हे हसू मला त्याच्या थुंकीपेक्षा घाण वाटे.

शरयू तिथे स्वतःहून आलीच नव्हती. तिचे वडील श्रीपतराव बँकेत होते, ते तिला घेऊन आले. परभणीच्या एका स्थळाने निरोप धाडला होता, मुलगी जरा बारीक झाली तर महिन्याभराने रविवारी येऊन बघू. तेव्हापासून तिच्या ताटातली भाकरी गेली होती. ती पळायची आणि श्रीपतराव भिंतीशी उभे राहून बघायचे.

त्या गुरुवारी सकाळी दुसऱ्याच फेरीला ती लडखडली, गुडघ्यांवर आली आणि ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी पडलं. धर्मराज वाकला आणि त्याने मला तिच्या कानाशी वाजवलं. मी तोंड मिटू शकत नाही. माझाच आवाज तिच्या कानात घुसला.

श्रीपतराव जागचे हलले नाहीत. "ऊठ बेटा," ते हळूच म्हणाले, "लोक बघून राह्यले."

शिबिरात वाटूरच्या उषाबाई होत्या. लेकाकडे जालन्याला राहायच्या, साखरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना पळायला सांगितलं होतं. त्या पुढे झाल्या आणि माझ्या दोरीला हिसका देऊन त्यांनी मला धर्मराजच्या गळ्यातून तोडलं.

"पोरगी मरून राह्यली अन् तू शिट्टी वाजवून राह्यला?"

धर्मराज बाजूला जाऊन थुंकला.

उषाबाईंनी शरयूच्या पोटावरचं प्लास्टिक फाडलं. आत कातडी लालबुंद होऊन सोलवटली होती. रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा मी उषाबाईंच्या मुठीतच होते. सलाईन लागलं. श्रीपतराव खाटेच्या पायथ्याशी बसले आणि रविवारचं काय करायचं, ते पाहुण्यांना काय सांगायचं, असंच बोलत राहिले. शरयू डोळे मिटून ऐकत होती.

मग म्हणाली, "बाबा, त्यांना सांगा, मुलगी आहे एवढीच राहणार आहे."

श्रीपतराव शेवटी उठून बाहेरच्या फोनवर गेले आणि त्यांनी तसंच सांगितलं. पाहुणे आले नाहीत.

बरी झाल्यावर शरयू आणि उषाबाई दोघीच मोतीबागेकडे जाऊ लागल्या. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, मग धाप पुरती बसेपर्यंत चालायचं. शरयूचं वजन फारसं उतरलं नाही. उषाबाईंची साखर मात्र उतरली.

उषाबाईंनी मला सोडा टाकून उकळत्या पाण्यात धुतलं, तरी वास गेला नाही. आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात एका खिळ्याला टांगलेली आहे.

धर्मराजने दुसऱ्याच दिवशी नवी शिट्टी घेतली. शिबिर चालूच आहे, गर्दीही तेवढीच. सकाळी वारा इकडे वाहत असला की त्या नव्या शिट्टीचा आवाज इथवर येतो, आणि मधला चालण्याचा थांबा काही केल्या ऐकू येत नाही. बायांनो, बाप्यांनो, खुशाल पळा. पण दुसऱ्याच्या थुंकीने भरलेल्या शिट्टीला आपण श्वास कधी घ्यायचा ते विचारू नका.